शिंदीची चटई

आमच्या शाळेत एक चटई होती आणि तिच्यावर बसून मला गप्प राहावं लागायचं. मला ओळखणाऱ्यांना यातली अडचण लगेच कळेल. तेव्हा मी विशीतली, नुकतंच ट्रेनिंग संपवून आलेली मास्तरीण होते. तोंडाची तिखट, हातात कायम रूळ, आणि जगातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं आपल्याला ठाऊक आहेत अशी पक्की खात्री. अशा बाईला गप्प बसवणं म्हणजे चालत्या गिरणीला हात लावून थांबवण्यासारखं होतं.

गाव परभणी जिल्ह्यातलं, गोदाकाठचं, तालुक्याचं. गोदेला तिथं सगळे गंगाच म्हणायचे. राज्य निजामाचं. बाहेर कुठंतरी मोठी लढाई चालू होती, पण आमचा तिच्याशी संबंध एवढाच की रॉकेल मिळायचं नाही. मुलींची सरकारी शाळा म्हणजे जनाना मदरसा. चहूकडून उंच भिंत आणि दाराला गोणपाटाचा जाड पडदा. त्या पडद्याच्या आत पुरुषानं पाऊल टाकायचं नाही. मुलींचे बाप, भाऊ, टपालवाला, सगळे बाहेर उभे राहून बोलायचे. आतून आम्हाला त्यांचे फक्त जोडे दिसायचे, आणि जोड्यांवरून माणूस ओळखायला मी महिन्याभरात शिकले.

मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या सदर मोअल्लिमा, मुख्याध्यापिका, हैदराबादच्या होत्या. विधवा, ठेंगण्या, पांढऱ्याशुभ्र ओढणीतल्या. पानदान शेजारी असल्याशिवाय त्यांना सुचायचं नाही. मराठी त्यांना समजायची, बोलताना मात्र त्या दख्खनीवर घसरायच्या. चटईची कल्पना त्यांची. शाळेची कामं करणाऱ्या बाईला बाजारात पाठवून त्यांनी एक साधी शिंदीच्या पानांची चटई आणवली आणि मागच्या ओसरीत, लिंबाची सावली पडते तिथं अंथरली. मग सगळ्या मुलींना गोळा करून सांगितलं की ज्या मुलीला काही बोलायचं असेल तिनं वर्गातून उठावं, कुणाला न विचारता तिथं जाऊन बसावं. तिच्याशेजारी या बाई येऊन बसतील. या बाई म्हणजे मी.

माझ्यासाठीचे नियम त्यांनी मला एकटीला सांगितले. मुलगी बोलेपर्यंत मी बोलायचं नाही. ती बोलली तर मध्ये तोंड घालायचं नाही. आणि चटईवर ऐकलेलं तिथंच ठेवायचं. घरी सांगायचं नाही, गावात नाही, मोठ्या बाईंनासुद्धा नाही.

"ही शाळा आहे की दर्गा?" मी फटकन म्हणाले.

त्या रागावल्या नाहीत. पानाला चुना लावत त्यांनी त्यांच्या आधीच्या गावची गोष्ट सांगितली. तिथं एका मुलीनं एका उस्तानीला, म्हणजे मास्तरणीला, विश्वासानं काही सांगितलं होतं. उस्तानी भली बाई, तिनं भल्यासाठीच त्याच दिवशी घरच्यांच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी ती मुलगी शाळेत आली नाही. "फिर?" मी विचारलं. मोठ्या बाईंनी पानदान मिटलं आणि त्या उठून गेल्या. मी ती गोष्ट पुन्हा कधी विचारली नाही.

आता शाळांमधून समुपदेशक असतात, त्यांच्या दारावर पाटी असते आणि मुलं वेळ ठरवून जातात. आमच्याकडं तेव्हा तो शब्द पोचलेला नव्हता. आमच्याकडं चटई होती आणि तिच्यावर धुसफुसत बसलेली मी. सुरुवातीला मुली गंमत म्हणून यायच्या, गणिताचा तास चुकवायला यायच्या. एक तर माझ्याकडं बघून फिदीफिदी हसली आणि पळाली. मग हळूहळू खरं बोलायला लागल्या. फळ्यावरचं दिसत नाही, पण सांगितलं तर चष्मेवाली म्हणून लग्न जमणार नाही. सावत्र आई वाईट नाही, पण ती आईच्या बांगड्या घालते. ऐकताना माझी जीभ अक्षरशः वळवळायची. सल्ले दातांपर्यंत यायचे, ते मी गिळायचे.

त्या वर्षीच्या चैत्रात ऊन भलतंच होतं. शाळा सकाळची केली होती, तरी दहा वाजता ओसरीची फरशी पायाला चटके द्यायची. चौथीत एक मुलगी होती, बाजारपेठेतल्या लिंगायत वाण्याची. बारीक चणीची, मोठ्या डोळ्यांची, तोंडी हिशेबात सगळ्या शाळेला भारी. पावकी-निमकीचे, म्हणजे पाव-अर्ध्याचे, पाढे ती असे म्हणायची की मला फळ्यावर ताळा करायला वेळ पुरायचा नाही. मला ती आवडायची आणि म्हणूनच मी तिच्यावर जास्त ओरडायचे.

एके दिवशी ती निमकीत अडली. दुसऱ्या दिवशी तर मी तिला उभं केलं आणि ती भिंतीला टेकली. ओठ पांढरे पडले होते. मधल्या सुट्टीत मी बघितलं, तर ही पोरगी मागच्या भिंतीच्या भगदाडातून आपली भाकरी तुकडे करून बाहेर टाकत होती आणि पलीकडं एक शेळी ती मजेत खात होती. माझं डोकं फिरलं.

"माजलीस का? घरचे पाठवतात ते शेळीला घालायला?"

ती वळली.  माझ्या शेजारून सरळ गेली आणि चटईवर जाऊन बसली. आता आली का पंचाईत! एका क्षणापूर्वी मी तिच्यावर ओरडत होते आणि आता मला तिच्याशेजारी मुकाट बसणं भाग होतं. बसले. तिनं गुडघे पोटाशी घेतले होते आणि उजवी मूठ पोलक्यावर, छातीशी घट्ट धरली होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मधली सुट्टी संपली, वर्ग भरले, तरी ती गप्पच.

"बाई," ती शेवटी म्हणाली, "माझा देव पडला."

मला कळलं नाही. पण बोलायचं नव्हतं, म्हणून मी थांबले.

"गळ्यातला. सामींनी बांधलेला. आमी पोरी गंगंवर गेल्तो. पाण्यात खेळताना शिवदारा तुटला. मी लय शोधलं, बाई. रोज जायलेय. डोहात गेला आसंल तर आता न्हाई घावायचा."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लिंगायत घरात लेकराच्या गळ्यात इष्टलिंग बांधतात, पांढऱ्या कापडात गुंडाळून. ते जन्मभर अंगावरून उतरवायचं नसतं. रोज सकाळी आंघोळ करून ते डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, बेल वाहायचा, आणि त्यानंतरच तोंडात घास घालायचा. हे मला वरवर ठाऊक होतं. त्याच्या पुढचं ठाऊक नव्हतं, ते तिनं सांगितलं. देव हरवला तर माणसानं अन्नपाण्याला शिवायचं नाही. सापडला तर ठीक. नाही सापडला तर जीव द्यायचा, असं तिच्या चुलतीनं तिला कधीतरी सांगितलेलं होतं. पोरीनं ते शब्दन् शब्द मनात धरलं होतं.

"मग घरी पूजेला काय करतेस?" मी नियम मोडून विचारलं.

तिनं मूठ उघडली. पोलक्याच्या आत, नव्या दोऱ्यात, पांढऱ्या चिंधीत काहीतरी बांधलेलं होतं. "खडा हाय. गंगंतला काळा खडा. सगळ्यांकडं पाठ करून पूजा करते. ताटातली भाकर परकराच्या ओच्यात लपवून आणते." मग ती अगदी हळू म्हणाली, "खोट्या देवाला भस्म लावलं म्हणून लय पाप लागलं आसंल. कालपासून मी पाणीबी सोडलंय."

 वर आभाळ पांढरं तापलेलं, चैत्रातलं ऊन, आणि ही एवढीशी पोर कालपासून पाण्याशिवाय. आणि मग मी तेच केलं जे मी नेहमी करते. मी बोलले. एकापाठोपाठ एक, सगळं शहाणपण बाहेर काढलं. म्हटलं, अगं, बाजारातून नवीन आणू. तिनं माझ्याकडं असं बघितलं की जसं काही मी नवी आई विकत आणू म्हणाले. म्हटलं, देव काय फक्त त्या लिंगात असतो का, तो सगळीकडं असतो. म्हटलं, चुलती काहीही सांगते. मग धावत जाऊन माठातलं पाणी आणलं आणि तिच्या ओठाला लावलं. तिनं ओठ मिटून घेतले. पाणी हनुवटीवरून पोलक्यावर सांडलं आणि ती उठायला लागली.

ती चटईवरून उठली असती तर पुन्हा बसली नसती. ते मला तिच्या पाठीकडं बघूनच कळलं. मी तिचा हात धरला नाही. माझे दोन्ही हात मांडीखाली घेतले, लहान मुलीसारखे, आणि म्हणाले, "चुकलं माझं. मला तुमच्यातलं कळत नाही. आता नाही बोलत."

ती अर्धवट उभी राहिली आणि मग बसली. भोवळ आली म्हणून बसली की माझ्यासाठी, कोण जाणे.

बऱ्याच वेळानं मी विचारलं, "कुणी सांगितलं तर तू पाणी पिशील?"

"सामींनी." मग लगेच, घाबरून, "पर ते अप्पाला सांगतील. अप्पा म्हणलेत, पुन्हा गंगंवर गेलीस तर शाळा बंद. बाई, चटईवरचं कुणाला सांगायचं नसतंय. तुमी म्हणलात तसं."

म्हटलं होतं खरं, पहिल्याच आठवड्यात, सगळ्या मुलींना. मी उठले आणि मोठ्या बाईंकडं गेले.  काय सांगायचं आणि काय नाही याचा हिशेब लागत नव्हता. मी एवढंच म्हणाले की चटईची गोष्ट आहे, मला सांगता येत नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि हातातलं पान खाली ठेवलं.

"जान का सवाल है क्या?"

मी हो म्हटलं.

मग त्यांनी बाकी काही विचारलं नाही. कोण मुलगी, काय झालं, काहीच नाही. तुटक मराठीत म्हणाल्या, "तिच्या मागं काही करू नको. तिला विचारून कर. नाही म्हणाली तर पुन्हा विचार, दहा वेळा विचार. पण पाण्याशिवाय या दाराबाहेर जाऊ द्यायचं नाही. तेवढं मी बघते." आणि त्या जाऊन दारात स्टूल टाकून बसल्या.

मी परत चटईवर आले. विचारलं. ती नाही म्हणाली. पुन्हा विचारलं. नाही. मी खरं काय ते सांगितलं, गोड करून नाही. म्हटलं, "मला दोन्ही जमणार नाही. तुझं गुपित राखणं आणि तुझा जीव राखणं. एकच सांभाळता येईल. तूच सांग, कुणाला सांगू, किती सांगू." तिनं डोळे मिटले होते. मला वाटलं, झोपली की काय, आणि माझा जीव उडाला. मग ती म्हणाली, "सामींना सांगा. माझं नाव न्हाई सांगायचं. अप्पाला न्हाई."

मठ गावाच्या दुसऱ्या टोकाला. डोक्यावर पदर घेऊन मी भर उन्हात निघाले. एकटी मास्तरीण, अकरा वाजता, लिंगायतांच्या मठाकडं. दुकानांच्या फळ्यांआडून लोक बघत होते. बघू देत म्हटलं. ते स्वामी मूळचे राणीसावरगावकडचे, पालमपर्यंतच्या गावांतून भिक्षेला हिंडायचे, ते आज मठात असतील की नाही हेच मला माहीत नव्हतं. असले तर काय म्हणतील, ते त्याहून माहीत नव्हतं. त्यांनी जर चुलतीसारखंच सांगितलं तर? मग मी माझ्याच पायांनी जाऊन त्या पोरीचा निकाल आणल्यासारखं होईल. अर्ध्या वाटेत हा विचार आला आणि मी एका कडुलिंबाला धरून उभी राहिले. मग पुन्हा चालायला लागले.

स्वामी होते. जेवून आडवे झाले होते आणि उठवल्यामुळं कातावलेले होते. मी उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं. एक लेकरू आहे, देव हरवलाय, पाणी सोडलंय.

"कुणाचं लेकरू?"

"ते सांगणार नाही."

"नाव न सांगता मी काय करू, बाई? ज्योतिष बघू?"

"आधी मला सांगा, तिला पाणी प्यायची परवानगी आहे की नाही?"

ते दाढी खाजवत बसले. म्हणाले, पूर्वीच्या लोकांनी तसं सांगून ठेवलंय खरं, देव गेला तर प्राण ठेवू नये. ते ऐकलं आणि माझा ताबा सुटला. मी काय काय बोलले ते मला सगळं आठवत नाही. "मग चला आणि तुमच्याच हातानं तिच्या तोंडात माती घाला," एवढं आठवतं. आत कुणीतरी भांडी घासत होतं, त्याचा आवाज बंद झाला. स्वामी उठले. मला वाटलं, आता हे मला हाकलून देणार.

"तोंड लय हाय तुमाला," ते म्हणाले. "पूर्वीच्यांनी सांगितलं म्हणलो. मी सांगितलं म्हणलो न्हाई. कुठं हाय पोर?" आणि खडावा घालून, हातात तांब्या घेऊन, ते माझ्या पुढंच निघाले.

शाळेच्या दारात नवीन पेच. पुरुषाला आत घ्यायचं नाही आणि मुलीला आता उभं राहवत नव्हतं. मोठ्या बाई स्टुलावरून उठल्या. त्यांनी आणि मी मिळून चटई उचलली, पोरीसकट, आणि पडद्याशी आणून ठेवली. मग मोठ्या बाईंनी स्वतःच्या हातानं पडदा खालून वीतभर वर गुंडाळला. सरकारी नियम एवढा तरी वाकवायला त्यांना किती जड गेलं असेल ते मी जाणत होते. कुणी वर कळवलं असतं तर त्यांची बदली कुठल्या कुठं झाली असती. त्या तोंड फिरवून उभ्या राहिल्या. पडद्यापलीकडं स्वामी उन्हातच मांडी घालून बसले. मी पडद्याच्या कडेला, निम्मी आत, निम्मी बाहेर.

त्यांनी गळ्यातलं स्वतःचं लिंग डाव्या तळहातावर घेतलं, तांब्यातलं पाणी त्यावर सोडलं आणि ते मी दिलेल्या वाटीत धरलं. वाटी पडद्याखालून आत सरकवली.

"तीर्थ हाय. घे."

ती घेईना. वाटीकडं बघत राहिली. तिच्या घशाची हालचाल दिसत होती, इतकी तहान होती तिला. मग तिनं गळ्यातली चिंधी सोडली आणि तो काळा खडा पडद्याखालून बाहेर ठेवला. "मी याची पूजा केली. खोटी."

 मी वाकून बघितलं. स्वामींनी खडा बोटांत धरला होता आणि ते तो वळवून वळवून बघत होते. आता हे काय म्हणतील? मोठ्या बाईंचे ओठ हलत होते, त्या त्यांच्या देवाला काही सांगत असाव्यात.

"पाणी घातलंस का याला?"

"घातलं."

"बेल?"

"वाहिला."

"भीतभीत का होईना, नेम चुकवला न्हाईस," ते म्हणाले. "पी आता. मी सांगायलोय. जवर नवा देव बांधत न्हाई तवर माझ्या हातचं तीर्थ आन् माझ्या हातचा प्रसाद, त्यानं काई बाधत न्हाई."

ती प्यायली. वाटी दोन्ही हातांत धरून, घटाघटा. मग दुसरी. मला रडू फुटलं, मोठ्यानं, वर्गातल्या मुली खिडकीत जमल्या तरी थांबेना. मोठ्या बाई मला म्हणाल्या, "अब तुम चुप बैठो," आणि स्वतःच्या ओढणीनं नाक पुसायला लागल्या.

पण गोष्ट तिथं संपली नव्हती. नवा देव आईबापांच्या समोरच बांधायचा असतो, असं स्वामी जाताना म्हणाले. म्हणजे अप्पांना सांगणं आलं. ते ऐकून तिनं पुन्हा मूठ आवळली. शाळा सुटली तरी ती चटईवरच होती. मी म्हणाले, मी सांगते. ती नाही म्हणाली. मोठ्या बाई सांगतील. नाही. स्वामी सांगतील. नाही.

"मीच सांगते," ती म्हणाली. "तुमी या. पर बोलायचं न्हाई. आन् चटई घ्या."

म्हणून घरी निरोप धाडून दुपारभर तिला शाळेतच ठेवलं आणि त्या दिवशी संध्याकाळी, दिवेलागणीला, मी तिला बरोबर घेऊन, काखेत चटईची गुंडाळी मारून बाजारपेठेतून निघाले. वाण्याच्या दुकानात गुळाचा वास. दारात दोऱ्यांच्या गुंड्या, केरसुण्या, चटया टांगलेल्या. वाकून आत गेले. अप्पा जाडजूड, मितभाषी गृहस्थ. मास्तरीण घरात आलेली बघून त्यांनी पटकन डोक्याला पागोटं चढवलं. मागच्या खोलीत मी चटई अंथरली. मुलगी बसली, मी तिच्याशेजारी. अप्पा दारात उभेच.

"काय केलं हिनं?"

"अप्पा, या चटईवर बसलेलं माणूस बोलेपर्यंत दुसऱ्यानं बोलायचं नसतं," मी म्हणाले.

"माझ्याच घरात मी बोलायचं न्हाई?"

 त्यांचा चेहरा लाल झाला. पण ते गप्प राहिले, आणि पोरीनं सांगायला सुरुवात केली. गंगा, तुटलेला दोरा, डोह, खडा, शेळी, पाणी. मध्ये मध्ये तिचा आवाज जात होता. दरवेळी मला वाटायचं की आता हे कडाडणार. मी माझे हात पुन्हा मांडीखाली घेतले होते. आतल्या खोलीत तिची आई तोंडात पदर कोंबून उभी होती. सगळं सांगून झालं. अप्पा वळले, पुढं दुकानात गेले, आणि दुकानाच्या फळ्या एकेक करून लावायला लागले. भर बाजाराच्या वेळेला. शेवटची फळी लागली, अंधार झाला, आणि तरी ते मागं आले नाहीत.

मी थांबायचं की जायचं? पोरगी म्हणाली, "जावा तुमी, बाई." तिची आई मला दारापर्यंत पोचवायला आली. मी चटई तशीच काखेत मारून परत आले आणि काही खाल्लं नाही. तिच्यासाठी उपास म्हणून नव्हे, घास उतरेनाच.

स्वामींनी नवा देव बांधला, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. ती जेवली, हेही कळलं. पण ती शाळेत आली नाही. पुढच्या दिवशीही नाही. आठवडा सरला. शाळेची कामं करणारी बाईच मुलींना घरोघरून आणायची; ती रोज एक कमी घेऊन यायची आणि माझ्याकडं न बघता आत जायची. मी वर्गात निमकी घेणं बंद केलं. आपण जीव वाचवला आणि शाळा घालवली, असं मी मोठ्या बाईंना म्हणाले. त्या म्हणाल्या, जीव आहे तर शाळा पुन्हा मिळेल. मला ते पटलं नाही. बाकीच्या मुलींच्या कानावर आलं असेल की चटईवर बोललेली मुलगी परत आली नाही, म्हणून त्याही फिरकेनात. चटईवर लिंबाचा पाला पडत होता. मी तो झाडतही नव्हते.

मग एका सकाळी पडद्याखाली वहाणा दिसल्या. जाड, रुंद, धुळीनं पांढऱ्या. वाण्याच्या. आले नाव काढायला, मी मनात म्हणाले, आणि पदर खोचून पुढं झाले. काय काय बोलायचं ते मी आठवडाभर घोकून ठेवलं होतं. भांडायचं होतं मला. पण गेले काही दिवस सवय लागली होती, म्हणून मी पडद्याशी उभी राहिले आणि आधी ते बोलायची वाट बघितली.

अप्पांनी घसा खाकरला. पुन्हा खाकरला.

"बाई, ती माझ्या ताटाला ताट लावून बसत होती. समोर बसून भाकर लपवीत होती. आन् मला दिसलं न्हाई. मला न सांगता तुमाला सांगितलं तिनं. म्हणून आठवडाभर डोळ्यापुढं ठिवली, समोर बसवून जेवू घातली." वहाणा जरा मागं सरकल्या. "मी तसं मारीत न्हाई तिला. कधीच न्हाई."

 घोकलेलं सगळं वाया गेलं.

"एक इचारायचं होतं," ते म्हणाले. "ती चटई कुठं मिळती? घरात एक आसावी म्हणतो."

तेवढ्यात त्या वहाणांशेजारी दोन लहान, अनवाणी पावलं आली. पडदा हलला आणि ती आत शिरली. हातात भाकरीचं फडकं, गळ्यात नवा पांढरा दोरा. माझ्याकडं बघून हसली आणि सरळ वर्गाकडं पळाली, चटईकडं नाही.

"अप्पा," मी म्हणाले, "ती तुमच्याच दुकानातली आहे. दारात टांगलेल्या असतात ना, त्यातलीच."

 बराच वेळ त्या वहाणा जागच्या हलल्या नाहीत.